पोरांची डोकी दुखतात, तिथून सुरुवात करू

प्रश्न: ताई, नमस्कार. वाकडला माझी लहानशी क्लीनिंग एजन्सी आहे. मी आणि चार पोरं. एका नव्या इमारतीचं पझेशनआधीचं काम मिळालंय, 44 फ्लॅट. काचांवर कंपनीचे स्टिकर, फ्रेमवर फिल्म, रंगाऱ्यांनी लावलेली पेपर टेप आणि ब्राऊन टेप, कडेला सिलिकॉनचे ओघळ. पश्चिमेकडच्या टेपा तर उन्हानं दगड झाल्यात. आम्ही एनसी थिनर आणि ब्लेडवर काम करतोय. एका फ्लॅटमध्ये पांढऱ्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) फ्रेमवर चट्टे पडले. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या काचेवर बारीक रेघा उमटल्या आणि साइटवरचे इंजिनिअर म्हणतात, काचेचे पैसे बिलातून कापणार. संध्याकाळी पोरांची डोकी दुखतात, पण काम उरकतं. ऑनलाइन बघितलं तर संत्र्याच्या तेलापासून इम्पोर्टेड स्प्रेपर्यंत शंभर प्रकार. मला एकच सांगा, सगळीकडे चालेल आणि झटपट काम करेल असं कुठलं रिमूव्हर घेऊ?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चट्टे, रेघा, कापलं जाणारं बिल, सगळ्यावर बोलू. पण ‘पोरांची डोकी दुखतात, पण काम उरकतं’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले. ती डोकी उन्हानं दुखत असतील असं तुम्हाला वाटत असेल, पण बंद फ्लॅटमध्ये दिवसभर थिनर हाताळल्यावर दुखणारं डोकं मला चांगलं ओळखता येतं. एनसी थिनर हा एक पदार्थ नसतो. टोल्युइन, अ‍ॅसिटोन, अ‍ॅसिटेट जातीची द्रावकं, थोडं अल्कोहोल असं ते मिश्रण असतं आणि कारखान्यागणिक त्याचं प्रमाण बदलतं. सुटं आणलं असेल तर कॅनवर लेबलसुद्धा नसतं. त्याची वाफ श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं या तिच्या पहिल्या खुणा. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणजे ती खाली साचते. खिडकीच्या खालच्या ट्रॅकशी उकिडवं बसून घासणाऱ्या पोराला ती सगळ्यात जास्त मिळते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन-95 मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेला कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि ते कार्ट्रिजही ठराविक काळानं बदलावं लागतं.

तेव्हा पहिलं काम: थिनरचा कॅन इमारतीतून खाली उतरवा. तुम्ही सांगितलेल्या कामातलं काहीही थिनरवाचून अडणारं नाही, आणि ते कसं, हेच आता सांगते.

‘सगळीकडे चालेल असं एक’ असं रिमूव्हर नाही. याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही पाच वेगळ्या चिकट गोष्टी लिहिल्यात आणि त्या निदान चार वेगळ्या पृष्ठभागांवर बसल्या आहेत. बाटली निवडण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. चिकटलंय काय? आणि ते कशावर चिकटलंय? माझ्या अनुभवात नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नापाशी होतं, पण शिकवताना सगळे पहिल्याच प्रश्नावर बोलत राहतात. म्हणून मी दुसऱ्यापासून सुरुवात करते.

साधी काच द्रावकांना दाद देत नाही. थिनर, अ‍ॅसिटोन, टर्पेंटाइन, काहीही ओता, काचेला काही होत नाही. म्हणूनच आपण बेफिकीर होतो. पण खिडकी म्हणजे नुसती काच नसते. भोवती यूपीव्हीसीची किंवा पावडर कोटिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असते, काच आणि फ्रेममधली फट बंद करणारी रबराची पट्टी, म्हणजे गास्केट असतं, सिलिकॉनची धार असते. यूपीव्हीसीला अ‍ॅसिटोन, टोल्युइन आणि अ‍ॅसिटेट तिन्ही मऊ करतात, आणि तुमच्या थिनरमध्ये बहुधा तिन्ही होते. तुमच्या फ्रेमवर पडलेले चट्टे हे डाग नाहीत. तिथलं प्लास्टिकच क्षणभर विरघळून पुन्हा घट्ट झालंय आणि त्याची चकाकी गेली आहे. ते पुसून निघणार नाही. फ्रेम बसवणाऱ्या कंपनीकडे यूपीव्हीसीसाठीचं पॉलिश असतं, त्यानं उथळ चट्टे बरेच कमी होतात. त्यांनाच विचारा आणि घरगुती प्रयोग करू नका. पावडर कोटिंगचंही थोड्याफार फरकानं तेच, थिनर आणि अ‍ॅसिटोन लागलं की ते निस्तेज पडतं. गास्केटचा प्रकार उलटा आहे. खिडक्यांत बहुतेक ठिकाणी ईपीडीएम रबर असतं आणि त्याला टर्पेंटाइन, रॉकेल, संत्र्याचं तेल चालत नाही. ते शोषून रबर फुगतं, सैल पडतं आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी आत येतं. दोन थरांमध्ये फिल्म असलेली लॅमिनेटेड काच असेल तर तिच्या कडेतून द्रावक आत शिरून मधल्या थराला धक्का लावू शकतं. या सगळ्यावर उपाय एकच आणि अगदी साधा. रिमूव्हर काचेवर फवारू नका. ते कापडावर घ्या आणि कापड डागावर ठेवा. एवढ्या एका सवयीनं तुमची निम्मी भांडणं मिटतील.

काच वाटणारी प्रत्येक गोष्ट काच असते असंही नाही. मी या धंद्यात नवीन असताना ठाण्यातल्या एका दुकानात शोकेसवरचं सेलचं स्टिकर काढायला घेतलं होतं. अ‍ॅसिटोनचं बोट फिरवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पारदर्शक पत्रा दुधासारखा पांढरा होऊन बारीक भेगांनी भरून गेला. तो अ‍ॅक्रिलिक होता, म्हणजे प्लास्टिक. मी त्याचे पैसे भरले, आणि त्या दिवसापासून कुठल्याही पारदर्शक गोष्टीला आधी नखानं वाजवून बघते. काच खणखणीत वाजते, अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट बद्द वाजतात. हाताची मागची बाजू लावली की काच गार लागते, प्लास्टिक तेवढं गार लागत नाही. लॉबीतले साइनबोर्ड, जिन्यातले पत्रे, मीटर बॉक्सची दारं या ठिकाणी ही परीक्षा नक्की घ्या. प्लास्टिक निघालं तर साबण आणि कोमट पाणी, त्याच्या पुढे जाऊ नका. अ‍ॅक्रिलिकवर अल्कोहोलसुद्धा भेगा पाडू शकतं.

आता चिकटलंय काय, ते बघू.

नव्या काचेवरच्या स्टिकरचा गोंद फेविकॉलसारखा वाळून घट्ट होणारा नसतो. तो कायम चिकटच राहतो, दाबलं की धरतो. बहुतेक वेळा तो अ‍ॅक्रिलिक जातीचा असतो. रंगाऱ्यांच्या पेपर टेपवर साधारणपणे रबर जातीचा गोंद असतो. आपल्याकडच्या ब्राऊन टेपवर बहुतांशी पुन्हा अ‍ॅक्रिलिक. हा फरक पुस्तकी वाटेल, पण कापडाखाली तो लगेच कळतो. रबर जातीचा गोंद उन्हात आधी पाघळतो, मग पिवळा होऊन ठिसूळ होतो. अ‍ॅक्रिलिक ऊन जास्त सोसतो, पण ब्राऊन टेपची वरची पातळ प्लास्टिकची पट्टी ऊन सोसत नाही, तिचा भुगा होतो. म्हणून तुमच्या पश्चिमेच्या टेपा सोलल्या जात नाहीत, कपच्या निघतात. तिथे गोंद हट्टी आहे असं वाटतं, पण खरी अडचण अशी की वरून लावलेलं द्रावक त्या मेलेल्या पट्टीवरच राहतं, खालच्या गोंदापर्यंत पोचतच नाही.

चढत्या क्रमानं जायचं. कागदी स्टिकर असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, त्या पाण्यात भिजवलेलं कापड स्टिकरवर चिकटवून पंधरा मिनिटं. कागद लोण्यासारखा निघतो, मागे गोंदाचा पातळ थर राहतो. प्लास्टिकचं स्टिकर किंवा फ्रेमवरची फिल्म असेल तर केस वाळवायचा ड्रायर. हीट गन नको. काचेचा एकच भाग एकदम तापला की ती तडकते आणि दोन काचांमध्ये हवा कोंडलेली काच, म्हणजे डीजीयू असेल तर फार महागात जातं. कोमट झाल्यावर कोपरा उचलायचा आणि जवळजवळ काचेला समांतर, सावकाश ओढायचं. सावकाश हा शब्द मी मुद्दाम लिहितेय. झटका दिला की पट्टी हातात येते आणि गोंद मागे राहतो. जास्त तापवलं तरीही तेच, गोंद मधूनच फाटतो. फिल्मच्या बाबतीत बिल्डरला एक सांगून ठेवा: बसवल्यापासून काही महिन्यांच्या आत ती काढायची असते, उन्हात वर्षभर ठेवली की तिचा गोंद फ्रेमवरच बसतो. त्या कामाला जास्त वेळ लागणार आणि जास्त पैसे पडणार, हे आधी ठरायला हवं.

राहिलेल्या गोंदाच्या थरावर बाटलीआधी टेप वापरून बघा. ताज्या टेपची चिकट बाजू बाहेर येईल अशी बोटांभोवती गुंडाळी करा आणि टपटप दाबत उचला. गोंद गोंदाला धरून वर येतो. खर्च नाही, वास नाही, फ्रेमला धोका नाही. नवी पोरं या युक्तीवर विश्वास ठेवत नाहीत, तुम्ही त्यांना एकदा करून दाखवा.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. ताज्या अ‍ॅक्रिलिक गोंदावर ते छान चालतं, मागे तेलकटपणा ठेवत नाही, यूपीव्हीसी आणि पावडर कोटिंगवर थोडा वेळ लागलं तरी सहसा त्रास देत नाही. तरी झाकल्या जागी आधी लावून बघा, हा नियम कुठल्याच बाटलीला माफ नाही. 99 टक्क्यांचं घ्या. 70 टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणी असतं आणि गोंदाला पाण्याचं काही वाटत नाही. कोविडच्या काळातले सॅनिटायझरचे कॅन अजून गोडाउनमध्ये पडून असतील, ते यासाठी वापरू नका. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि काचेवर त्याचे ओघळ उठतात.

आयपीएनं न हलणारा, रबर जातीचा किंवा पिवळा पडलेला गोंद असेल तेव्हाच टर्पेंटाइन किंवा संत्र्याचं तेल. पेंटच्या दुकानात एमटीओ म्हणून मिळतं ते टर्पेंटाइन. दोन्ही हळू उडतात आणि तोच त्यांचा गुण आहे, गोंदात मुरायला त्यांना वेळ मिळतो. तुम्ही ऑनलाइन पाहिलेल्या निम्म्या बाटल्यांत हेच असतं: पेट्रोलियम जातीचं द्रावक, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, किंवा दोघांचं मिश्रण. बाटली इम्पोर्टेड असली तरी आतला जिन्नस साधारण हाच. लेबल वाचा, विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे बाटलीत काय आहे आणि धोके काय ते सांगणारा कागद मागा. जो ती देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

संत्र्याच्या तेलाबद्दल जरा जास्त बोलते, कारण ‘नैसर्गिक’ शब्दानं लोक फसतात. नागपुरी संत्रं सोलताना लहानपणी आपण साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ पिळायचो, आठवतं? तडतड ठिणग्या उडायच्या. ते लिमोनीनच. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. आणि फुगवलेल्या फुग्यावर साल पिळली की फुगा फट्कन फुटायचा, तेही लिमोनीनच, रबर विरघळवणारं. म्हणजे हे तेल पेटतं आणि रबराला खातं, या दोन्ही गोष्टी आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहेत. खिडकीच्या कामात रबर दोन ठिकाणी असतं, गास्केटमध्ये आणि काचेवरचं पाणी ओढायच्या तुमच्या स्क्वीजीच्या पट्टीत. रिमूव्हर लावलेल्या काचेवर तीच स्क्वीजी फिरवली तर पट्टीची धार दोन-चार दिवसांत लाटेसारखी होते आणि मग प्रत्येक काचेवर रेघोट्या. पोरं म्हणतात स्क्वीजी खराब लागली. रिमूव्हरचं कापड वेगळं, शक्यतो वेगळ्या रंगाचं, बादली वेगळी, आणि काच साबणाच्या पाण्यानं धुऊन झाल्यावरच स्क्वीजी. लिमोनीनची आणखी एक गोष्ट: हवेशी संबंध आला की ते हळूहळू बदलतं आणि बदललेलं लिमोनीन कातडीला अ‍ॅलर्जी आणतं. अर्धी उघडी बाटली महिनोन्‌महिने वापरू नका. नायट्राइलचे हातमोजे घालायला लावा, टर्पेंटाइनला आणि आयपीएला ते पुरतात. अ‍ॅसिटोन मात्र नायट्राइलमधून थोड्याच वेळात पार होतं, त्याला ब्युटाइल रबराचे लागतात.

अ‍ॅसिटोन मी फक्त फेविक्विकसारख्या गोंदासाठी ठेवते. उघड्या काचेवर, फ्रेमपासून दूर, कापसाच्या बोळ्यानं. तुमच्या कामात त्याची गरज एखाद्या फ्लॅटमध्ये पडली तर पडेल. नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली त्याला पुरेल, त्यात अ‍ॅसिटोन आहे ना एवढं बघून घ्या.

खोबरेल तेल, डब्ल्यूडी-40, नीलगिरीचं तेल यांबद्दलही लोक विचारतात. घरी एका बरणीचं लेबल काढायला उत्तम. 44 फ्लॅटना नाही, कारण गोंद निघतो आणि तेल राहतं, मग तेल काढायला दुसरी फेरी. व्हिनेगर गोंदावर चालत नाही, ते बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या डागांवर चालतं.

आता थिनर का लागत नाही ते सांगते. थिनरचा जोर त्याच्या झटपटपणात आहे आणि तोच त्याचा दोष आहे. तापल्या काचेवर ते अर्ध्या मिनिटात उडून जातं, गोंदात मुरायला उरतच नाही. म्हणून पुन्हा लावायचं, पुन्हा उडतं. तुमची पोरं गोंदापेक्षा जास्त थिनर हवेला पाजतायत आणि तीच हवा श्वासात घेतायत. टर्पेंटाइन किंवा संत्र्याचं रिमूव्हर कापडात भिजवून डागावर ठेवा, वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म लावा. पॉलिथिनचा तुकडाही चालतो. उडणं बंद, वास कमी, आणि दहा-पंधरा मिनिटांत गोंद जेलीसारखा होतो. तेवढ्या वेळात काय करायचं? पुढची खोली भिजवायची. दोघं भिजवत पुढे जातील, दोघं मागून काढत येतील. पहिल्या दिवशी तुम्हाला वाटेल काम रेंगाळतंय. तिसऱ्या दिवशी फ्लॅट मोजून बघा.

पश्चिमेच्या काचांची वेळ बदला. त्या सकाळी करा, पूर्वेच्या दुपारनंतर. हे फक्त सोयीसाठी नाही. ठिणगी मिळाली तर टोल्युइनची वाफ चार अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, आयपीएची बारा अंशांना, अ‍ॅसिटोनची तर शून्याखाली वीस अंशांना. टर्पेंटाइनचा आकडा पस्तीस-चाळीसच्या घरात, लिमोनीनचा अठ्ठेचाळीसच्या आसपास. म्हणून ही दोन्ही जरा सुरक्षित मानतात. पण एप्रिलमध्ये पुण्यात पश्चिमेची काच दुपारी हाताला सोसवत नाही इतकी तापते, तिथे तेही अंतर पुसलं जातं. शेजारच्या खोलीत फॅब्रिकेटर ग्राइंडर चालवतोय, कुणी बाल्कनीत बिडी ओढतोय, हे नव्या इमारतीत रोजचंच. रिमूव्हरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या कुणाचं काम नको, खिडकी-दारं सताड उघडी हवीत. वापरलेली कापडं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. आणि एक हात जोडून सांगते: कुठलंही द्रावक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. साइटवर तहानलेला माणूस बाटली दिसली की तोंडाला लावतो. बायका कामावर लहान मुलं घेऊन येतात. मूळ कॅन, त्यावर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात नाव, आणि कुलूप.

सिलिकॉनचं वेगळं आहे. वाळलेलं सिलिकॉन यातल्या कशातही विरघळत नाही, टर्पेंटाइननं फुगतं एवढंच. जाड ओघळ प्लास्टिकच्या पातीनं कापून काढायचा, मग राहिलेल्या थरासाठी खास सिलिकॉन रिमूव्हर मिळतं ते. काच साफ दिसली तरी पाणी मारून बघा. एखाद्या पट्ट्यात पाणी थेंब-थेंब होऊन उभं राहत असेल तर तिथे सिलिकॉन अजून आहे. मात्र काच धरून ठेवणाऱ्या सिलिकॉनच्या धारेला रिमूव्हर लागू देऊ नका, आणि दर्शनी भागाची काच सिलिकॉननंच चिकटवलेली असेल तर त्या सांध्याजवळ जाऊच नका. ते काम फसाडवाल्यांचं. फ्रेमभोवती फटी भरायचा पीयू फोम सांडलेला असेल तर तोही वाळल्यावर विरघळत नाही, कापून-खरवडूनच निघतो. फोमच्या दुहेरी टेपला मासेमारीचा दोरा घ्या, मागून करवतीसारखा ओढत न्या, आणि राहिलेला फोम अंगठ्यानं गुंडाळत काढा.

आता रेघा. हे सगळ्यात नाजूक प्रकरण आहे, कारण चूक तुमची असेलही आणि नसेलही.

बाल्कनीच्या सरकत्या दाराची, रेलिंगची, जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडकीची काच बहुधा टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली असते. कोपऱ्यात छोटा शिक्का असतो, तो शोधा. टफन करताना काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि ती रोलरवरून सरकत जाते. कापल्यावर, घासल्यावर काच नीट धुतली गेली नसेल तर काचेचेच बारीक कण पृष्ठभागावर वितळून बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत. कोरड्या कापडानं हात फिरवला तर जाणवतातही क्वचितच. पण ब्लेड फिरवलं की ते सुटतात, पात्याखाली अडकतात आणि काचेवरून ओढले जातात. प्रत्येक कणाची एक रेघ. अमेरिकेत खिडकी सफाईवाल्यांची इंटरनॅशनल विंडो क्लीनिंग असोसिएशन नावाची संघटना आहे, त्यांनी हा विषय बरीच वर्षं लावून धरला आहे, कारण तिथेही दोष भट्टीचा आणि दंड सफाईवाल्याला असंच चालायचं.

तुमच्या काचेचं काय झालं ते असं बघा. सोनारांकडे असतं तसं भिंग घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. रेघा ब्लेडच्या दिशेनं, एकमेकींना समांतर, आणि प्रत्येक रेघ एखाद्या ठिपक्यापासून सुरू होत असेल तर भट्टीतले कण हे कारण असण्याची शक्यता मोठी. त्याच काचेच्या अस्पर्श कोपऱ्यावर साबणाचं पाणी लावून नवं ब्लेड अलगद टेकवा आणि बोटभर पुढे न्या. करकर आवाज आला, खरखर हाताला लागली, तर ताबडतोब थांबा. हे इंजिनिअरांच्या देखत करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि काच पुरवणाऱ्याला बोलवायची मागणी करा. उलट रेघा वेड्यावाकड्या असतील, ब्लेड मागे-पुढे ओढल्याच्या खुणा असतील, तर ती आपली चूक आहे आणि ती मान्य करावी. पोरांना विचारा, रागावू नका, नाहीतर खरं कळणार नाही.

पुढच्या काचांवर ब्लेड वापरायचंच असेल तर फक्त साध्या काचेवर. काच पूर्ण ओली, साबणाचं पाणी, पातं नवं, काचेला साधारण तीस अंशांत. फक्त पुढे ढकलायचं, उचलायचं, पुन्हा ठेवायचं. मागे ओढायचं नाही, कारण पुढे जाताना पात्याच्या खाली आलेला कण मागे येताना काच कापतो. पात्याला गंजाचा ठिपका किंवा खाच दिसली की फेकून द्या. टफन काचेवर प्लास्टिकची पाती आणि क्लिंग फिल्मखाली भिजवणं, एवढ्यावर काम होतं. आरशासारखी चकाकणारी रिफ्लेक्टिव्ह काच असेल तर पेनाचं टोक काचेला टेकवा. टोक आणि त्याचं ठळक प्रतिबिंब एकमेकांना भिडत असेल तर कोटिंग तुमच्या बाजूला आहे. तिथे ब्लेड नाही, स्टील वूल नाही, पावडर नाही.

अ‍ॅसिडच्या बाटलीचा मोह होईल, साइटवर ती हाताशीच असते. गोंदावर अ‍ॅसिड काही करत नाही. काचेच्या डागांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड किंवा त्याच्या जवळची रसायनं असतात. ती काच खातात आणि कातडीतून आत हाडापर्यंत इजा करतात. ती पोरांच्या हाती देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पहिल्या पावसात फोन येईल म्हणून सांगून ठेवते. गोंद पूर्ण निघाला, काच लख्ख झाली, तरी काचेवर वाफ धरली की स्टिकरचा चौकोन किंवा काच उचलायच्या सक्शन कपचे गोल पुन्हा दिसतात. ते रिमूव्हरनं जात नाहीत. हँडओव्हरच्या वेळी काचेवर तोंडाची वाफ सोडून इंजिनिअरांना दाखवा. काढायचेच म्हटलं तर काच घासून चकचकीत करायची सेरियम ऑक्साइडची पेस्ट आणि फेल्टचा पॅड, पण ते वेगळं काम, वेगळा दर, आणि कोटिंगच्या बाजूला अजिबात नाही.

तर खरेदी अशी करा. भांड्याचा साबण, 99 टक्के आयपीए पाच लिटर, टर्पेंटाइन एक-दोन लिटर किंवा संत्र्याचं रिमूव्हर एक बाटली, सिलिकॉन रिमूव्हर एक ट्यूब, क्लिंग फिल्मचे दोन रोल, प्लास्टिकची पाती, नायट्राइलचे हातमोजे मापानुसार, कार्ट्रिजचे मास्क पाच. हो, पाच. चार पोरांचे आणि एक तुमचा.

इंजिनिअरांना उद्या एक कागद द्या. माझ्या प्रत्येक कामाच्या करारात मी हे वाक्य घालते, तुम्हीही घाला: ‘टफन काचेवर धातूचं ब्लेड वापरलं जाणार नाही, काचेवर आधीपासून असलेल्या रेघा, कण व डाग यांची नोंद काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटोसह केली जाईल.’ उरलेल्या फ्लॅटची ही नोंद आजच सुरू करा. पोरांपैकी ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याच्याकडे वही द्या.

आणि पश्चिमेच्या त्या दगड झालेल्या टेपा: आधी भुग्याची वरची पट्टी प्लास्टिकच्या पातीनं खरवडून गोंद उघडा करा, सकाळी आठच्या आत टर्पेंटाइनचं कापड टेपच्या पट्टीच्या मापानं कापून ठेवा, फ्रेम आणि गास्केटपासून बोटभर अंतर सोडून. वरून क्लिंग फिल्म. वीस मिनिटांनी उघडा. पहिल्या काचेला चुकलं तर वेळ दुप्पट करा, बाटली बदलू नका. आठवड्यानं पोरांची डोकी कशी आहेत ते मला कळवा. थिनर बंद करूनही दुखत असतील तर त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि ते कुठलं रसायन वापरत होते ते डॉक्टरांना सांगा, कॅनचा फोटो काढून ठेवा.

— तुमची ताई